भोपळ्याचे दहा समान भाग

जग दोनच गोष्टींवर उभं आहे, शेती आणि समता, असं परिशिष्टरावांचं ठाम मत होतं आणि कुणी विचारलेलं नसतानाही ते त्यांनी अनेकदा मांडलं होतं. शेतीचा त्यांचा स्वतःचा अनुभव म्हणजे गॅलरीतला एक निवडुंग. तो पाण्यावाचून मेला. निवडुंगाला पाण्यावाचून मारायला जी चिकाटी लागते, ती मात्र त्यांच्यात भरपूर होती. आणि समतेचं म्हणाल, तर एका विमा कंपनीच्या दावे विभागात गेली बावीस वर्षं ते लोकांचे दावे नामंजूर करत होते. गरीब असो, श्रीमंत असो, सगळ्यांचे दावे सारख्याच भाषेत नामंजूर.

प्रत्येक नामंजुरीला ते एक परिशिष्ट जोडत. 'कारणे परिशिष्टात पाहावीत' असं पत्रात आणि 'कारणे पत्रात नमूद आहेत' असं परिशिष्टात. त्यावरून ऑफिसात त्यांना हे नाव पडलं आणि तिथून ते राहत्या इमारतीत आलं, कारण त्यांचे मोठे साहेब त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

त्या दिवसांत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. शिफारस साहेबांच्या हातात. उमेदवार दोन : एक परिशिष्टराव आणि दुसरा शेजारच्या टेबलावरचा बॅडमिंटन. बॅडमिंटनला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो दर रविवारी साहेबांशी खेळायचा आणि बेताने हरायचा. परिशिष्टरावांचा गुडघा हरण्याच्याही लायकीचा राहिला नव्हता. साहेबांच्या घरात शिरायला दुसरी वाट हवी होती, ती त्यांना लिफ्टमध्ये सापडली.

लिफ्टमध्ये साहेबांच्या पत्नी भेटल्या. बरोबर दोन मोठ्या बॅगा. आपण होऊन काही बोलायची त्यांची पद्धत नव्हती, पण त्या दिवशी त्या आरशाकडे बघत म्हणाल्या, "गावाबाहेर एक छोटी शेती आहे म्हणे. हंगामात जे पिकेल त्याची आठवड्याला एक पेटी घरपोच देतात. दहा घरं जमली तरच. आपल्याकडे कुणी मनावर घेतलं तर बरं होईल. निदान घरात ताजं काहीतरी येत जाईल."

"मी घेतो," परिशिष्टराव म्हणाले. तळमजला यायच्या आत त्यांनी मनावर घेतलं होतं, हाती घेतलं होतं आणि मनातल्या मनात विभागप्रमुखाच्या खुर्चीला नवी गादीही शिवायला टाकली होती.

दहा घरं जमवणं अवघड गेलं नाही. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला मातीची ओढ फार, फक्त ती माती दुसऱ्याच्या नखांत असली पाहिजे. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमचे हे तर म्हणतात, रिटायर झालो की शेतीच करणार." त्यांचे हे सोफ्यावरून उठून रिमोट घेत नसत. दाताच्या डॉक्टरांनी पिढ्यानपिढ्या बिघडत चाललेल्या दाढांचा दोष बाजारातल्या भाजीला दिला. तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक, ज्यांनी हयातभर तर्कशास्त्र शिकवलं आणि घरी कधी वापरलं नाही, ते म्हणाले, "तत्त्वतः मान्य." तळमजल्यावरच्या आजींनी फक्त विचारलं, "मऊ असेल ना?"

शेती एका बाईंची होती. पायात रबरी बूट, आवाज ट्रॅक्टरच्या वर जाणारा. त्यांची पद्धत साधी होती. वीस आठवड्यांचा हंगाम. दर शनिवारी सकाळी सात वाजता दहा पेट्या फाटकाशी, प्रत्येकीवर घराचा नंबर. रिकामी पेटी परत द्यायची. आणि सुरुवातीला प्रत्येक घराने एक फॉर्म भरून बंद पाकिटात त्यांच्याकडे द्यायचा. परिशिष्टरावांनी दहा पाकिटं गोळा केली. न वाचलेला फॉर्म हातातून जाऊ देणं त्यांच्या जिवावर आलं, पण पाकिटं चिकटवलेली होती.

पहिल्या शनिवारी पेट्या आल्या तेव्हा इमारतीत बारसं असावं तशी गर्दी. पालक, गाजरं, मुळे, नवलकोल, सगळं मातीसकट. त्या मातीचे जितके फोटो निघाले तितके इमारतीतल्या कुणाच्या लग्नात निघाले नसतील. वहिनींनी डोळे मिटून मुळ्याचा वास घेतला. डॉक्टरांनी गाजर हातात धरून भाषण केलं आणि घरी जाऊन ते जंतुनाशकात बुडवलं. परिशिष्टरावांची पत्नी एवढी एकच बाई नवलकोलाकडे नवलकोल म्हणून बघत होती.

"अहो, हे कुणी मुद्दाम पिकवतं?"

"अगं, हंगामी आहे."

"हंगामी तर सर्दीही असते."

दुसऱ्या शनिवारी पहिली ठिणगी पडली. वहिनींनी आपला कोबी आणि डॉक्टरांचा कोबी फाटकाशीच शेजारी शेजारी ठेवला. शेजाऱ्याच्या घरात आपल्यापेक्षा मोठं काय आहे हे अंधारातही ओळखणारी बाई ती. इथे तर सकाळचं लख्ख ऊन होतं.

"भाऊजी, तुम्हीच सांगा. हा कोबी आणि हाही कोबी?"

"फरक आहे खरा," परिशिष्टराव गंभीरपणे म्हणाले.

"आम्ही काय कमी खातो का?"

यावर वहिनींकडे नीट बघून कुणीही खरं उत्तर दिलं असतं. पण परिशिष्टरावांचं लक्ष दुसरीकडेच गेलं होतं. दहा पेट्यांमध्ये सगळ्यांत हलकी पेटी चौथ्या मजल्याची होती. साहेबांची! चार गाजरं, थोडा पालक, दोन बटाटे. आपण ज्या योजनेचे प्रमुख, त्या योजनेत आपल्याच साहेबांना सगळ्यांत कमी? बॅडमिंटनला हे कळलं असतं तर तो पुढच्या रविवारी आनंदाने जिंकलासुद्धा असता.

त्यांनी शेतवाल्या बाईंना फोन करून विचारायला हवं होतं. एक मिनिटाचं काम. पण दावे विभागात बावीस वर्षं काढलेला माणूस समोरच्याला काही विचारत नाही. तो आधी निर्णय घेतो आणि मग कळवतो. इमारतीच्या फलकावर नोटीस लागली : 'वाटपातील विषमता, विशेषतः चौथ्या मजल्यावर झालेला अन्याय, लक्षात घेता यापुढे सर्व पेट्या उघडून मालाचे दहा समान भाग करण्यात येतील. तपशील परिशिष्टात.' परिशिष्ट सहा पानी होतं. गाजराची लांबी देठासकट धरायची की देठाविना, हे पान चारवर.

तिसऱ्या शनिवारी तळघरातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर दहाच्या दहा पेट्या ओतल्या गेल्या. जाळं काढायचं राहिलं, त्यामुळे पालक एका बाजूला आणि मुळे दुसऱ्या बाजूला असा सामना लागल्यासारखं दिसत होतं. परिशिष्टरावांनी घरातला छोटा वजनकाटा आणला. एकेक गाजर वजन करून, तक्त्यात लिहून, घरमालकाची सही घेऊन देण्यात येऊ लागलं. वाटाण्यांपाशी गाडी अडली.

"शेंगांचं वजन करायचं की दाण्यांचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"शेंगांचं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ज्याच्या वाट्याला पोकळ शेंगा येतील त्याने हवा खायची?"

"मग सोला!" वहिनी कडाडल्या.

"सोललेला वाटाणा हा तोच वाटाणा राहतो का, हे आधी ठरलं पाहिजे," प्राध्यापक म्हणाले. ते ठरायला चाळीस मिनिटं लागली. सात वाजता टवटवीत आलेला पालक साडेदहाला मान टाकून पडला होता. तो दहा समान भागांत वाटण्यात आला आणि दहा घरांत समान भावनेने फेकून देण्यात आला.

वाटपातून उरलेसुरले तुकडे, म्हणजे ज्यांचे दहा भाग होत नाहीत असे सलगम, बीट, अर्धे मुळे, परिशिष्टराव गुपचूप एका पिशवीत भरत आणि गुडघा धरून चौथ्या मजल्यावर नेऊन देत. लिफ्टने गेलं असतं तर कष्ट दिसले नसते. साहेब दार अर्धवट उघडत.

"अहो, एवढं नको होतं."

"असू द्या साहेब. आपला हक्काचा वाटा आहे. वहिनीसाहेबांना सांगा, सलगम आधी उकळून घ्यायचा."

"सांगतो," साहेब म्हणत आणि दार लागे. मोठी माणसं आधी नकोच म्हणतात, हे परिशिष्टरावांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय चार मजले चढून धाप लागलेली असताना दाराआडून बीट कुजल्याचा वास येतोय की काय, याचा विचार कोण करतो.

चौथ्या शनिवारी भोपळा आला. तो डॉक्टरांच्या पेटीत होता, किंवा खरं म्हणजे पेटी त्याच्याखाली होती. दोघांनी मिळून उचलावा एवढा. डॉक्टर त्याला मिठी मारून उभे राहिले आणि म्हणाले, "हा आमच्या नंबराच्या पेटीत आलाय." नऊ घरं एका आवाजात म्हणाली, "समान भाग!" डॉक्टरांनी मिठी सोडली. क्रांतीपुढे दंतवैद्य काय करणार?

तळघरात एवढ्या मोठ्या जिवाला हवा पुरेना, म्हणून टेबल फाटकाशी फुटपाथवर आणलं. वजनकाट्यावर भोपळा मावेना. प्राध्यापकांनी दोरी, खडू आणि कोनमापक घेऊन त्याच्यावर दहा रेषा आखल्या. भोपळा भूमितीतला नसल्यामुळे त्याने सहकार्य केलं नाही. नऊ भाग झाले की दहावा पुस्तकातल्या खुणेसारखा चिंचोळा उरे. अखेर कापायचा मान मूळ मालक म्हणून डॉक्टरांना मिळाला. त्यांनी हातमोजे चढवले, सुरी टेकवली आणि सवयीने भोपळ्याला म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

पहिल्या फोडी निघत होत्या इतक्यात रांगेच्या मागून कुणीतरी विचारलं, "काय भाव?"

"भाव नाही, वाटप आहे," परिशिष्टराव मान वर न करता म्हणाले.

"मी बाजार निरीक्षक आहे."

आता मान वर झाली. समोर एक किरकोळ माणूस, हातात पावतीपुस्तक, चेहऱ्यावर शनिवारी काम करावं लागल्याचं दुःख. टेबल, काटा, रांग, कापलेला भोपळा. त्याला जे दिसत होतं ते तो ओठ हलवून मोजत होता.

"परवाना?"

"हा बाजार नाही हो. आम्ही विकत नाही."

"मग फुकट वाटताय? फुकट वाटायला धर्मादाय खात्याची परवानगी लागते."

"फुकट कशाला? प्रत्येकाने आपापले पैसे भरलेत."

"म्हणजे विक्री झाली."

"पण ज्याने त्याने आपलीच भाजी घेतलीय!"

"मग कापताय कुणाची?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं, पण त्यांना पत्नीने मागे ओढलं. निरीक्षकाने काटा उलटा करून पाहिला. त्यावर सरकारी शिक्का नव्हता. त्याने काटा जप्त केला आणि पंधरा दिवसांत परवाना न काढल्यास टेबलही उचलू असं सांगून, जाताना भोपळ्याची एक फोड 'नमुना' म्हणून नेली. दहा समान भागांतला तो एकमेव भाग, जो कुणाच्या तरी पोटात गेला असावा.

सोमवारी परिशिष्टराव रजा टाकून परवाना कचेरीत गेले. खिडकी तीनने चारकडे पाठवलं, चारने सहाकडे. सहावर कुलूप होतं आणि कुलपावर 'चौकशी खिडकी तीनवर' अशी चिठ्ठी. दुपारी खिडकीतल्या बाईंनी त्यांचा अर्ज हातात घेतला. अर्ज सुरेख होता. तीन प्रती, समासासह. बाईंनी तो एकदा पुढून, एकदा मागून पाहिला आणि लाल शाईने त्यावर रेघ मारली.

"नामंजूर."

"कारण?"

"कारणं परिशिष्टात आहेत."

"परिशिष्ट कुठाय?"

"ते तुम्हीच जोडायचं होतं ना काका. जोडलं नाहीत म्हणून नामंजूर."

परिशिष्टराव खिडकीला धरून उभे राहिले. बावीस वर्षांत खिडकीच्या या बाजूने जग कसं दिसतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागचा माणूस म्हणाला, "सरका हो." ते सरकले. त्यांना सुचलं ते इतकंच की या बाई आपल्या विभागात असत्या तर फार पुढे गेल्या असत्या.

घरी पत्नीने विचारलं, "झालं का?"

"तांत्रिक अडचण आहे."

"तुमच्याकडे लोक येतात त्यांना असते तशीच?"

ते वर्तमानपत्र उघडून बसले. ते कालचं होतं, तरी बसले.

पाचव्या शनिवारी काटा नसल्यामुळे वाटप अंदाजाने झालं, म्हणजे भांडून झालं. वहिनी आणि डॉक्टरांच्या पत्नी यांच्यातलं बोलणं बंद झालं. गेली अकरा वर्षं त्यांना जे जमलं नव्हतं ते एका बीटरूटने जमवलं. तळमजल्यावरच्या आजी दारात एक सलगम घेऊन उभ्या होत्या. "अरे, आधी मला कोवळं कोवळं यायचं रे. हे काय दगड देतोस?" परिशिष्टराव म्हणाले, "आजी, दगड सगळ्यांना सारखे आहेत." आजींनी आत जाऊन कुणाला तरी फोन लावला.

फोन कुणाला लावला ते सहाव्या शनिवारी कळलं. शेतवाल्या बाई पेट्या उतरवायच्या आधी स्वतःच उतरल्या. रबरी बूट फुटपाथवर असे वाजले की वरच्या मजल्यांवरचे पडदे आपोआप सरकले. त्या तडक आत, लिफ्टसमोर मांडलेल्या वाटपाच्या टेबलापाशी आल्या.

"माझ्या पेट्या उघडतो कोण?"

सगळ्यांनी परिशिष्टरावांकडे पाहिलं. एकजूट अशी त्या इमारतीत पहिल्यांदाच दिसली.

"बाई, तुमच्या वाटपात विषमता होती," परिशिष्टराव म्हणाले. "कुणाला मोठी पेटी, कुणाला लहान. मी फक्त न्याय केला."

"न्याय? अहो, मी एकेक फॉर्म वाचून पेटी भरते! आजींना दात नाहीत, म्हणून त्यांना कोवळं. डॉक्टरांच्या घरात आठ माणसं आणि त्यांत तीन पोरं वाढत्या वयाची, म्हणून भोपळा. या वहिनींनी स्वतः लिहिलंय, 'वजन कमी करतेय, थोडंच द्या.'" वहिनी एकदम आकाशाकडे बघू लागल्या. "प्राध्यापकांना पित्त होतं, मुळा देत नाही त्यांना. तुम्ही तीन आठवडे मुळा घालताय!"

"तरीच," प्राध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या.

पण परिशिष्टरावांच्या हातात हुकमाचा पत्ता अजून होता. ते एक पाऊल पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठीक आहे. मग चौथ्या मजल्याचं काय? एवढी मोठी माणसं, आणि त्यांना सगळ्यांत हलकी पेटी? त्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"चौथ्या मजल्यावर एकच माणूस जेवतो," बाई म्हणाल्या. "फॉर्ममध्ये लिहिलंय त्याने. बायको घर सोडून गेली, स्वयंपाक येत नाही, जमेल असं थोडंसं द्या. मी चार गाजरं देत होते. आणि आजी सांगतात, त्याला तुम्ही पोतं पोहोचवता?"

बाईंची पाठ लिफ्टकडे होती. बाकी सगळ्यांचं तोंड लिफ्टकडे होतं. लिफ्टच्या दारात साहेब उभे होते, हातात एक पेटी, पेटीत काळे पडलेले बीट. ते परत द्यायला खाली आले होते. खतात तरी जातील म्हणून.

साहेबांनी पेटी हळूच टेबलावर ठेवली, टेबल टेनिसच्या जाळ्याच्या त्यांच्या बाजूला. मग परिशिष्टरावांना म्हणाले, अगदी ऑफिसात म्हणतात तसं, आवाज न चढवता :

"गाजरं उकडायला शिकलो होतो मी. बऱ्यापैकी जमायला लागली होती. मग तुम्ही सलगम आणायला लागलात."

आणि ते जिन्याने वर गेले. लिफ्ट खालीच उभी होती.

रविवारभर परिशिष्टरावांनी माफीनामा लिहिला. पहिला मसुदा तीन पानी झाला, दुसरा पाच. पत्नीने दोन्ही वाचले आणि टेबलावर परत ठेवले.

"यात चूक झाली असं कुठंय?"

"पान चार. कंस पाहा."

"अहो, कंसातून बाहेर या आणि जाऊन तोंडाने सांगा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा परिशिष्टराव सोमवारी सकाळी रिकाम्या हाताने साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बॅडमिंटन काचेतून बघत होता. साहेबांनी बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. उभ्या माणसाची माफी लवकर संपते, असा त्यांचा हिशेब होता.

"साहेब, चुकलं माझं. विचारायला हवं होतं. एक फोन केला असता तरी झालं असतं."

साहेबांनी मान हलवली. "झालं ते झालं. सगळ्यांना कळलं, एका अर्थी सुटलो. काल वहिनींनी सूप पाठवलं आणि डॉक्टरांनी त्याच्याहून मोठं पातेलं."

हे ऐकून परिशिष्टरावांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला की माणूस लगेच त्याच्या जुन्या ठिकाणी जाऊन बसतो. त्यांनी खुर्ची ओढली.

"म्हणजे साहेब, या प्रकरणाचा विभागप्रमुखाच्या जागेवर काही परिणाम होणार नाही ना?"

"कुठल्या जागेवर?"

"आपल्याकडे रिकामी आहे ती. आपली शिफारस..."

"ती होय? त्यात माझी शिफारस कुणी विचारलीच नाही. मुख्य कचेरीने बाहेरचा माणूस घेतलाय. आधीच्या नोकरीतून सुटायला त्याला दोन महिने हवे होते, म्हणून जाहीर केलं नव्हतं."

"कधी घेतलाय, साहेब?"

साहेबांनी टेबलावरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली आणि एका तारखेवर बोट ठेवलं. पहिल्या पेट्या आल्या, त्याच्या आदल्या सोमवारी ती जागा भरली होती.